गवताच्या बाजूने

जून उजाडला की पुण्याच्या टेकड्यांवर रोपे चढू लागतात. कुठे कंपनीचे नाव छापलेले टी-शर्ट, कुठे शाळेची रांग, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाचा फलक. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतले वीतभर रोप, आदल्या दिवशी मजुरांनी खणून ठेवलेला खड्डा आणि रोप हातात धरून काढलेला फोटो. या गर्दीची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केलेलीही आहे. मला ती करायची नाही. रविवारची झोप मोडून, पदरमोड करून, ज्या जमिनीवर आपला कसलाही हक्क नाही तिथे राबायला माणसे येतात, ही कुठल्याही शहरासाठी मोठी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की त्यांच्याकडून आपण कोणते काम करून घेतो. टेकड्यांवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाच्या आरंभी मला जे मांडायचे आहे ते थोडक्यात असे : पुण्याच्या टेकड्यांना झाडांची उणीव आहे त्याहून अधिक उणीव गवताची आणि त्या गवतावर नजर ठेवणाऱ्या माणसांची आहे, आणि स्वयंसेवक ज्या कामाला सर्वांत लायक आहे ते काम, म्हणजे एकाच तुकड्यावर ऋतूमागून ऋतू परत येणे, तेच आपण त्याला आजवर फारसे सांगितलेले नाही.

आधी टेकडी म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, चतुःशृंगी, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची रांग, कात्रजकडे चढत जाणारे डोंगर हे सगळे दख्खनच्या काळ्या पाषाणाचे उंचवटे. वर मुरूम, मुरमावर मातीचा पातळ थर. कुठे हातभर, कुठे चार बोटे, कुठे उघडा कातळच. शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर एवढ्या काळात. उरलेले सात महिने ही जमीन कोरडी असते आणि एप्रिल-मेमध्ये दगड तापतात. अशा जागी जे जगते ते या वेळापत्रकाप्रमाणे जगते. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतले कंद जागे होतात. काळी मुसळी, भुईचक्र आणि नशिबाने कुठे कंदीलपुष्पाचा एखादा वेल. मग गवत वर येते : कुसळी, मारवेल, शेडा. गवतात तेरडा, सोनकी आणि डझनावारी छोटी फुले. झाडे असतात, पण अंतर राखून : सालई, मोई, खैर, हिवर, मेडशिंगी, पळस, पांगारा, आणि फेब्रुवारीत एकही पान अंगावर नसताना पिवळ्याधमक फुलांनी लगडणारा गणेर. झाडांच्या मधली मोकळी जागा ही या रचनेतली रिकामी राहिलेली जागा नाही. चंडोल तिथे जमिनीवर घरटे करतो, माळटिटवी तिथेच अंडी घालते आणि तितर तिथूनच ओरडतो. ती भरून टाकली की ही सगळी मंडळी जातात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे उघडे माळ मुळात जंगलच होते. माणसाने तोडतोडून आणि गुरे चारून ते बोडके केले. म्हणून आता झाडे लावणे ही परतफेड आहे. आक्षेप तर्काला धरून आहे आणि काही डोंगरउतारांबाबत खराही आहे. सह्याद्रीच्या पावसाळी घाटमाथ्याबद्दल मी तो मुकाट्याने मान्य करीन. पण पुण्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्याचा पुरावा वेगळे सांगतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी वाङ्मयातले, आख्यानांतले, ओव्यांतले वनस्पतींचे उल्लेख वेचून काढले. हे वाङ्मय तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. त्यात ज्या रानझाडांची नावे येतात त्यांतली बहुसंख्य उघड्या, गवताळ, काटेरी प्रदेशात वाढणारी आहेत. इंग्रज येण्याच्या आधी, रेल्वेच्या स्लीपरांसाठी जंगले पडण्याच्या आधी, हा मुलूख असाच होता. ज्या देशावर शतकानुशतके मेंढरे घेऊन धनगर फिरले, तिथे मेंढरांना खायला काहीतरी असणारच. घनदाट अरण्यात मेंढपाळ राहत नाहीत. अशा जमिनीला सरकारी दप्तरात मात्र पडीक म्हणायची सवय लागली. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी आणि गवताळ प्रदेशांचे मोठमोठे तुकडे अजूनही त्या खात्यात मोडतात. एकदा पडीक म्हटले की तिचा उद्धार करणे ओघाने आलेच.

आपल्या टेकड्यांचा उद्धार झाला तो गिरिपुष्पाने. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला जो धक्का दिला त्यातून पाणी अडवणे, डोंगर हिरवे करणे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांना जोर आला आणि पुढे सामाजिक वनीकरणाच्या काळात लवकर वाढणाऱ्या, गुरे तोंड न लावणाऱ्या, पाण्यावाचून तगणाऱ्या झाडांची मागणी वाढली. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प या सगळ्या कसोट्यांना उतरत होते. ते हवेतला नत्र जमिनीत आणते, फांदी खोचली तरी फुटते, शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी तर ते उत्तमच. ज्यांनी ते टेकड्यांवर लावले त्यांना मूर्ख ठरवायचे कारण नाही. त्यांच्यापुढे धूप होणारा उघडा उतार होता आणि हाताशी हे एक झाड होते. पण परिणाम आज डोळ्यांपुढे आहे. गिरिपुष्पाची पाने पावसाळ्यात दाट असतात आणि उन्हाळा लागायच्या आत गळून जातात. म्हणजे गवताला ऊन हवे असते नेमक्या तेव्हा ते सावली धरते, आणि चालायला आलेल्या माणसाला सावली हवी असते तेव्हा त्याच्या काड्या उभ्या असतात. दाट लागवडीखाली गवत विरळ होते, कंद दिसेनासे होतात आणि जमिनीवर पाचोळ्याशिवाय काही राहत नाही. दुरून पाहणाऱ्याला मात्र ऑगस्टमध्ये डोंगर हिरवागार दिसतो, आणि उपग्रहालाही.

आता यात स्वयंसेवक कुठे येतो? इथे : गिरिपुष्प तोडले की संपत नाही. बुंध्यापासून कापले तर पुढच्या पावसात त्याच खोडातून आठदहा फुटवे येतात. शेतकरी ते मुद्दाम असेच छाटतो, कारण त्याला पाला हवा असतो. एका रविवारी शंभर माणसांनी उत्साहाने केलेली तोड म्हणजे पुढच्या वर्षी आधीपेक्षा दाट झालेली जाळी. ते खरोखर कमी करायचे तर कापल्यानंतर कोवळे फुटवे पुनःपुन्हा मोडावे लागतात, पावसाळ्यात दर दोनतीन आठवड्यांनी, आणि तेही एक वर्ष करून भागत नाही. ठेकेदाराला हे काम देता येत नाही, कारण त्याचे बिल तोडलेल्या झाडांच्या संख्येवर निघते. वनरक्षकाला ते जमत नाही, कारण त्याच्याकडे मैलोगणती हद्द असते आणि हाताखाली माणसे नसतात. टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या माणसाला मात्र ते सहज जमते. त्याच्या वाटेवरचे वीस बुंधे त्याने आपले मानले तर येता-जाता पाच मिनिटांत फुटवे मोडून होतात. स्वयंसेवेचा हिशेब आपण तासांत आणि डोक्यांत मांडतो, पण या कामात पाचशे माणसांच्या एका सकाळपेक्षा पाच माणसांची पाच वर्षे अधिक उपयोगी पडतात.

कॉसमॉसचे उदाहरण याहून बोलके आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. सप्टेंबरच्या अखेरीस पुण्याच्या कित्येक उतारांवर केशरी-पिवळ्या फुलांची चादर पसरते आणि लोक तिथे फोटो काढायला गर्दी करतात. ही मेक्सिकोची बागेतली वनस्पती कुंपण ओलांडून बाहेर पडली आणि आता गवताची जागा घेते आहे. तिचा जीवनक्रम एका पावसाळ्याचा. जूनमध्ये रुजते, ऑगस्टपर्यंत गुडघ्याएवढी होते, फुलते, ऑक्टोबरात बी धरते आणि वाळते. बी लांबट, काळपट, टोकाला दोन-तीन काटेरी केस असलेले. ते पँटला चिकटते, कुत्र्याच्या अंगाला चिकटते आणि नव्या जागी जाते. ते काढायला आलेल्या माणसाच्या मोज्यांनाही चिकटते, हे विशेष. आता कामाचा हंगाम पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन ओली असते, बुडाशी धरून हळूच ओढले की मुळासकट रोप हातात येते. लहान मुलालाही जमेल. त्या वेळी फुले नसतात, त्यामुळे रोप ओळखायला पान माहीत असावे लागते. ऑक्टोबरमध्ये फुलांवरून कोणीही ओळखेल, पण तोवर जमीन घट्ट झालेली असते, खोड मध्येच तुटते, आणि त्या धडपडीत पिकलेले बी चहूकडे उधळते. म्हणजे सर्वांना दिसते तेव्हा काम करण्यात अर्थ उरत नाही, आणि काम करण्यासारखे असते तेव्हा कोणाला काही दिसत नाही. शिवाय जमिनीत आधीच्या वर्षांचे बी पडलेले असतेच. एका वर्षी साफ केलेला तुकडा दुसऱ्या वर्षी पुन्हा उगवतो, तिसऱ्या वर्षी थोडा कमी. तिसऱ्या वर्षी जो तिथे नसेल त्याने पहिल्या वर्षी यायचे कष्ट घेऊ नयेत, असे मी म्हणेन. जरा कठोर वाटले तरी.

पुण्याला या बाबतीत जुना अनुभव असायला हवा होता. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद 1955 च्या सुमाराची, आणि ती पुण्याचीच. पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरले. सुरुवातीच्या काही हंगामांत एखाद्या मोहल्ल्याएवढ्या जागेवर बारीक लक्ष ठेवणारी माणसे असती तर ते थांबले असते असा दावा मी करणार नाही. असे प्रसार थांबवणे फार कठीण असते. पण एखादी परकी वनस्पती पसरायला लागली आहे हे सर्वांत आधी कळते ते त्याच वाटेने रोज चालणाऱ्याला, आणि त्याने नोंद ठेवली तरच ते दुसऱ्याला कळते. आज ई-बर्डवर पक्ष्यांच्या आणि आय-नॅचरलिस्टवर वनस्पतींच्या नोंदी करणारे हौशी लोक पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांची आणि फावडेवाल्यांची गाठ पडत नाही, ही खरी अडचण. एकाला नाव माहीत असते, दुसऱ्याच्या हातात हत्यार असते.

गवत परत आणायचे म्हणजे काय, हेही सांगायला हवे, कारण रोप लावण्यासारखी दृश्य कृती त्यात नसते. कुसळीचेच घ्या. तिच्या दाण्याला एक लांब, पीळ असलेले कूस असते. पावसाने ते भिजले की पीळ उलगडतो, सुकले की पुन्हा वळतो, आणि या फिरण्याने अणकुचीदार दाणा स्क्रूसारखा जमिनीत शिरतो. आपल्या मोज्यातून पायाला टोचतो तो याच यंत्राने. म्हणजे गवताला पेरणारा लागतच नाही. त्याला लागते उघडी जमीन, ऊन, आणि दाणे गळून पडेपर्यंत कोणी कापू नये एवढी सवलत. स्वयंसेवकाचे काम हे की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिथे गवत चांगले आहे तिथून थोडे बी गोळा करावे आणि जिथून गिरिपुष्प किंवा घाणेरी काढली आहे तिथे पावसाच्या तोंडावर ते टाकावे. बी शक्यतो त्याच टेकडीचे असावे. झाडे लावायचीच असतील, आणि काही ठिकाणी ती लावावीच लागतील, तर सालई-पांगाऱ्याची फांदी खोचून पाहावी, मेडशिंगी किंवा हिवर बियांपासून वाढवावा, आणि दोन झाडांत भरपूर अंतर सोडावे. गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेली मियावाकी पद्धत, म्हणजे चौरस मीटरला तीन-चार रोपे दाटीने लावणे, अकिरा मियावाकी यांनी जपानसारख्या पावसाळी, अरण्यप्रधान प्रदेशासाठी घडवली. कारखान्याच्या आवारात किंवा भर वस्तीतल्या मोकळ्या भूखंडावर ती चालेल. टेकडीच्या माथ्यावर ती आणणे म्हणजे गिरिपुष्पाचीच चूक देशी नावांनी करणे आहे.

काढून टाकण्यातून जमीन परत मिळते याचा आपल्या देशातला सर्वांत विचारपूर्वक प्रयोग जोधपूरला झाला. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टर ज्वालामुखी खडकाचे रान वेड्या बाभळीने व्यापले होते. 2006 पासून प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे काम सुरू झाले. वेडी बाभूळ कापून संपत नाही, मुळाचा वरचा गड्डा काढावा लागतो, आणि तो खडकाच्या भेगांत रुतलेला. शेवटी हे काम केले ते खंडवालिया या दगड फोडणाऱ्या समाजातल्या माणसांनी, छिन्नी-हातोड्याने. मग त्या खडकात जे नैसर्गिकपणे वाढते तेच, थरच्या वाळवंटात हिंडून शोधून, तिथे लावले गेले. हे उदाहरण मी दोन कारणांसाठी घेतो. एक, उघडी खडकाळ जमीन हीच तिथे आदर्श मानली गेली, जंगल नाही. दुसरे, कौशल्याचे काम कुशल, पगारी माणसांनी केले. स्वयंसेवकांनी सगळे फुकट करावे हा आग्रह त्यात नव्हता. आपल्याकडे श्रमदान या शब्दाला इतका मान आहे की रोजंदारीवर पोट असलेल्या मजुराचे काम आपण हौसेने आणि वाईट रीतीने करतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. पुण्यातल्या टेकड्यांवर कोणाचा डोळा आहे हे सांगायला नको. झाडे असली तर निदान तोडायला परवानगी लागते; महाराष्ट्राचा 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आडवा येतो, वृक्ष प्राधिकरणापुढे हरकती घेता येतात, वर्तमानपत्रात किती झाडे जाणार त्याचा आकडा छापून येतो. गवताला असे काहीच नाही. गवत कापले तर कोण विचारणार? म्हणून व्यवहारी माणूस म्हणतो, शास्त्र बाजूला ठेवा, झाडे लावा, झाडच टेकडी वाचवते. या म्हणण्यात पुण्याच्या नागरिकांची कित्येक वर्षांची लढाई आहे आणि मी ते हलक्याने घेत नाही. पण नीट पाहिले तर टेकड्या आजवर वाचल्या त्या जमिनीच्या दर्जामुळे. जो भाग वनखात्याच्या ताब्यात आहे त्याला 1980 चा वनसंवर्धन कायदा लागू होतो, त्यावर झाड असो वा नसो. महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण पडले, राज्य सरकारने 2015 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि त्या आरक्षणाचा आधार तिथली वृक्षसंख्या हा नव्हता. आणि 2023 मध्ये वेताळ टेकडीवरच्या रस्ता-बोगद्यांच्या प्रस्तावांविरुद्ध मोठा मोर्चा निघाला तेव्हा लोक टेकडीसाठी उतरले. गुरुग्रामच्या अरावली जैवविविधता उद्यानाचा अनुभव तोच आहे. दीडशे हेक्टरांहून मोठी ती खाणींनी पोखरलेली जमीन. 2010 च्या सुमारास नागरिकांनी पुढाकार घेऊन, अरावलीच्या शिल्लक रानांतून धौ-सालईसारख्यांचे बी आणून ती उभी केली. तिथून महामार्ग नेण्याचा बेत आला तेव्हा ज्यांनी हाताने ती जमीन सावरली होती तेच आडवे आले. 2022 मध्ये तिला संरक्षित क्षेत्राबाहेरील संवर्धनाचे देशातले पहिले ठिकाण म्हणून मान्यता मिळाली. जमीन राखायला तिला ओळखणारी माणसे लागतात. झाडांची संख्या हा त्यासाठी मिळणारा एक मुद्दा आहे, तो हातचा सोडावा असे मी म्हणत नाही. पण झाडांवरच सगळी भिस्त ठेवली तर एक दिवस समोरून उत्तर येते की दुप्पट झाडे दुसरीकडे लावून देतो. गवताळ माळ दुसरीकडे लावून देता येत नाही. त्या युक्तिवादाला उलट गवतानेच चाप बसतो.

तापमानवाढीचा मुद्दाही पुढे येतो. शहर तापते आहे, सावली हवी, कार्बन शोषणारी झाडे हवीत. सावली हवी हे शंभर टक्के खरे, आणि ती रस्त्याच्या कडेला, बसथांब्यावर, शाळेच्या आवारात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हवी, जिथे माणसे उन्हात उभी असतात. ती सगळी टेकडीवर नेऊन ठेवायची आणि खाली रस्तारुंदीकरणात वड-पिंपळ पाडायचे, ही पळवाट आहे. कार्बनचे म्हणाल तर गवताळ प्रदेशातला बहुतेक कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, वणव्यात तो झाडासारखा जळून जात नाही. वणवा हा मात्र गवताच्या बाजूने बोलणाऱ्याने टाळू नये असा विषय आहे. फेब्रुवारीपासून वाळलेले गवत पेटते, बहुतेक वेळा माणसाच्या हातून, आणि जमिनीवरची अंडी-पिल्ले, सरडे, नवी रोपे होरपळतात. यावर उपाय ठाऊक आहेत : हिवाळ्यात जाळरेषा काढणे, वाटांच्या कडेचे गवत कापणे, पेटल्याचे कळताच पोचणारी माणसे जवळपास असणे. शेवटचे काम पुन्हा स्थानिक स्वयंसेवकाचेच. अग्निशमनाची गाडी टेकडीवर चढत नाही.

गवत कापण्याचा विषय निघाला की चराईचा निघतो, आणि इथे माझे मत शहरी निसर्गप्रेमींना रुचणार नाही. टेकडीवर शेळ्या दिसल्या की आरडाओरडा करायची आपली रीत आहे. पण ज्या गवताळ रचनेला आपण मूळची म्हणतो ती चरणाऱ्या जनावरांसह, कापणाऱ्या विळ्यांसह, अधूनमधून लागणाऱ्या आगीसह घडली आहे. माणसाचा हात न लागलेली टेकडी पुण्यात कधी नव्हती. त्यामुळे मूळ स्थिती नेमकी कोणत्या सालातली, असे कोणी विचारले तर त्याला साल सांगता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. विचारायचे ते एवढेच की या मातीत, या पावसात, मोजक्या वापरासह काय टिकून राहते. बी पडून गेल्यावर, नोव्हेंबरनंतर, आसपासच्या गोठेवाल्यांना गवत कापून नेऊ दिले तर जळाऊ भार कमी होतो, गवताचे काही बिघडत नाही आणि त्या माणसालाही टेकडी राखण्यात रस उरतो. अतिचराई वेगळी, तिला आवर घालावाच लागतो. पण सकाळी सहा वाजता फिरायला येणाऱ्यांचाच टेकडीवर हक्क आणि दुपारी शेळ्या घेऊन येणाऱ्याचा नाही, हा न्याय कुठला?

झाडे काढण्याच्या कामात शेजाऱ्यांना विश्वासात न घेतल्यास काय होते याचे उदाहरण शिकागोचे आहे. तिथे 1977 मध्ये स्टीव्ह पॅकार्ड आणि त्यांच्याबरोबरच्या काही स्वयंसेवकांनी शिकागो नदीच्या उत्तर फाट्यालगतच्या वनजमिनीत गवताळ प्रेअरीचे उरलेसुरले तुकडे सावरायला घेतले. आठवड्याच्या सुटीला यायचे, बी गोळा करायचे, युरोपातून आलेली बकथॉर्नची झुडपे तोडायची, नियंत्रित आग लावायची. ओक वृक्षांच्या विरळ सावलीतला एक जवळजवळ विसरलेला गवताळ परिसर त्यातून पुन्हा उभा राहिला आणि शहराभोवती हजारो स्वयंसेवक या कामाला लागले. शास्त्र त्यांच्या बाजूला होते. पण लगतच्या वस्तीतल्या लोकांना दिसत होते ते एवढेच की कोणीतरी सरकारी रानातली झाडे तोडतो आहे. 1996 मध्ये विरोध पेटला आणि काउंटीने काम थांबवले. काही भागांत ती बंदी वर्षानुवर्षे टिकली. पुण्यात गिरिपुष्पाला हात लावणाऱ्या कोणावरही हीच वेळ येईल, आणि विरोध करणारे दुष्ट नसतील. त्या दाटीत मोर निवारा धरतात, पावसाळ्यापूर्वी नवरंग आवाज देतो, हे खरेच आहे. म्हणून एका वर्षात उतार साफ करण्याचा विचारही करू नये. दरवर्षी छोटा पट्टा, तोही पक्ष्यांचा विणीचा काळ सोडून. मधल्या काळात आधीच्या पट्ट्यावर काय उगवते आहे ते सर्वांना दिसू द्यावे. आणि वाटेवर एक साधा फलक असावा, मराठीत, ज्यावर तोडणाऱ्याचे नाव आणि कारण दोन्ही असेल.

राहिला सरकारचा प्रश्न. हे काम वनखात्याचे आणि महापालिकेचे. नागरिकांनी ते अंगावर घेतले की त्या दोघांना मोकळीक मिळते, असे काही कार्यकर्ते म्हणतात. अर्धे बरोबर आहे. राज्यात 2017 ते 2019 या काळात 50 कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले गेले, एका वर्षाचे लक्ष्य 33 कोटींपर्यंत गेले. केंद्राने 2020 च्या पर्यावरणदिनी 200 नगरवनांची योजना जाहीर केली आणि त्यासाठी नमुना म्हणून पुण्याच्या वारज्याचे नाव घेतले. पैसा आणि इच्छा अगदीच नाही असे नाही, ती मोजली जाते रोपांत, एवढेच. स्वयंसेवकांनी हेच मोजमाप उचलले तर ते सरकारचे बिनपगारी ठेकेदार होतात. त्यांनी ते बदलायला लावले तर त्यांच्या येण्याला अर्थ आहे. म्हणून कामाला लागण्याआधी खात्याकडे काय मागायचे ते ठरलेले असावे : ठराविक तुकडा, किमान पाच वर्षांसाठी, काय काढायचे आणि काय अजिबात काढायचे नाही याची लेखी यादी, यंत्राने चर खणायचे असतील तर आधी सूचना, कारण जेसीबीच्या एका फेरीत कंदांचा थर कायमचा उलथतो, आणि दर पावसाळ्यानंतर खात्याच्या माणसाबरोबर एक पाहणी. कंपन्या सामाजिक उत्तरदायित्वाचा पैसा घेऊन येतात तेव्हा त्यांच्याकडून पहिल्या वर्षाचा कार्यक्रम मागू नये, दुसऱ्या ते पाचव्या वर्षाची मजुरी मागावी. बहुतेक जण नकार देतील. जे नकार देणार नाहीत त्यांच्याशी बोलणी पुढे न्यावीत, आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना जूनऐवजी ऑगस्टमध्ये बोलवावे, कॉसमॉस गुडघ्याएवढा असताना.